गुपित किती वेळ ताजं राहतं?

राजारामपुरीतल्या एका वाचकाने विचारलंय : ‘बीजीएमआय या मोबाइल गेमच्या रूम मॅचमध्ये आमचा स्क्वॉड एका घरात दबा धरून बसला होता. दुसरा स्क्वॉड इकडेतिकडे न बघता सरळ त्याच घरावर चालून आला. सामना यूट्यूबवर लाइव्ह होता. तिथून बघून आले असतील का?’

शक्य आहे. पोरं याला ‘स्ट्रीम स्नायपिंग’ म्हणतात.

कोल्हापूरकराला हे चमत्कारिक वाटेल, कारण आपली खेळ बघायची सवय खासबागेतल्या कुस्तीच्या मैदानातली. शाहू महाराजांनी 1902 च्या परदेश दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि 1912 मध्ये हे मैदान उभं राहिलं. कुठेही बसा, हौदा दिसतो. पण तिथे प्रेक्षकाला जे दिसतं, ते पैलवानासमोरही असतंच. कडेने वस्तादाने ‘पट काढ’ म्हणून कितीही ओरडलं, तरी तो झाकलेलं काही उघड करत नाही. (आणि कोल्हापूरचा प्रेक्षक गप्प बसेल, ही अपेक्षाच चुकीची.) बीजीएमआयसारख्या खेळात मात्र प्रेक्षकाला मैदानातल्या प्रत्येक खेळाडूपेक्षा जास्त माहिती असते. सगळी गोम इथे आहे.

अशा खेळात कोणाला काय दिसावं हे सर्व्हर ठरवतो. पूर्वीचे बरेच खेळ सगळ्यांचे ठावठिकाणे प्रत्येकाच्या यंत्रावर पाठवून द्यायचे आणि फक्त पडद्यावर झाकायचे. त्यामुळे भिंतीपलीकडचं दाखवणारी चोरटी सॉफ्टवेअर फोफावली. ‘व्हॅलोरंट’ने वेगळी वाट धरली : शत्रू नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत त्याचा ठिकाणा पाठवायचाच नाही. पण प्रक्षेपणासाठी एका ऑब्झर्व्हरला सगळं दाखवावंच लागतं, आणि त्याचा पडदा जगभर जातो. कधी तर तो सभागृहातच असतो. 2012 मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या जागतिक स्पर्धेत एका कोरियन खेळाडूने मान वळवून मागच्या मोठ्या पडद्यावरचा नकाशा पाहिला. निकाल कायम राहिला. संघाला 30,000 डॉलर दंड झाला.

नेहमीचा उपाय म्हणजे प्रक्षेपण उशिरा दाखवणं. पण किती उशिरा? बातमी शिळी व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा. काउंटर-स्ट्राइकची फेरी 1 मिनिट 55 सेकंदांची, बॉम्ब लागला तर आणखी 40 सेकंद. तीन मिनिटांचा डिले ठेवला, तर कोण कुठे होतं ही माहिती कुचकामी ठरते. बीजीएमआयमध्ये स्क्वॉड एकाच घरात पाच-सात मिनिटं बसू शकतो. तो तिथून हलला नाही, तर तीन मिनिटांपूर्वीची बातमीही ताजीच! बुद्धिबळात पट दोघांसमोर उघडा असतो, तिथे भीती बाहेरच्या संगणकाची. म्हणून 2022 च्या सिंकफील्ड कपमध्ये कार्लसनने माघार घेतल्यावर प्रक्षेपण 15 मिनिटं मागे ठेवलं गेलं.

डावपेचांचं आयुष्य मात्र मिनिटांत मोजता येत नाही. सामन्याची ‘डेमो’ फाइल, म्हणजे अख्ख्या सामन्याची नोंद, हाती लागली, की प्रतिस्पर्धी ती आठवडाभर उलगडत बसतो. म्हणून मोठे संघ सराव बंद दाराआड करतात. तेही पुरत नाही : 2021 मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या एका डॅनिश प्रशिक्षकाने आपल्याच संघाची डावपेचांची फाइल प्रतिस्पर्ध्यांना दिली आणि दोन वर्षांची बंदी ओढवून घेतली. ‘आमची यंत्रणा अभेद्य आहे’ अशा जाहिराती वाचताना मला हा गृहस्थ आठवतो. घरभेद्यापुढे कसलं एन्क्रिप्शन?

पण त्याच डेमो फाइलींनी एक चोरी पकडूनही दिली. काउंटर-स्ट्राइकमध्ये एक बग होता. प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावर एका जागी अडकायचा, आणि आपल्या खेळाडूंना न दिसणारा कोपरा त्याला दिसत राहायचा. काहींनी ते कळवलं नाही, मुकाट्याने बघत राहिले. मिहाउ स्वोविन्स्की या पंचाने सहकाऱ्याबरोबर जुन्या डेमो चाळून ते उघडं पाडलं. सप्टेंबर 2020 मध्ये 37 प्रशिक्षकांवर कारवाई झाली. विजेत्यांची पोस्टरं पोरांच्या खोल्यांत लागतात. या पंचाचं नाव कितीजणांना माहीत असेल?

तेव्हा पेठेपेठेत रूम मॅच भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती : ऑब्झर्व्हरच्या खुर्चीत कुठल्याही संघाचा दोस्त बसवू नका, आणि डिले किमान दहा मिनिटांचा ठेवा. प्रेक्षक तेवढं थांबतील.