संचिका अखंडता निरीक्षण

संगणकावरील संचिका, म्हणजेच फाइली, परवानगीविना बदलल्या गेल्या आहेत का हे ठरावीक काळाने तपासण्याच्या पद्धतीस संचिका अखंडता निरीक्षण असे म्हणतात. संकेतस्थळात शिरलेला घुसखोर बहुधा एखादी संचिका बदलतो किंवा नवी संचिका मागे ठेवतो. तो माग या पद्धतीने लागतो. या प्रकारचे सुपरिचित असे सुरुवातीचे साधन ‘ट्रिपवायर’ हे होय. ते जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९९२ साली तयार केले.

कार्यपद्धती

लहान संकेतस्थळासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. लिनक्स सर्व्हरवर सहसा आधीपासूनच असलेले ‘फाइंड’, ‘शा२५६सम’ आणि ‘डिफ’ हे आदेश एकत्र करून काही ओळींची स्क्रिप्ट लिहिता येते. संकेतस्थळ निर्दोष असल्याची खात्री असताना प्रत्येक संचिकेचा हॅश काढून त्यांची यादी केली जाते. शा-२५६ पद्धतीचा हॅश ६४ षोडशमान अंकांत लिहिला जातो आणि संचिकेतील एक अक्षर बदलले तरी तो संपूर्ण वेगळा येतो. पुढे ‘क्रॉन’द्वारे ही स्क्रिप्ट नेमलेल्या वेळी चालते, नवी यादी जुन्या यादीशी ताडून पाहते आणि फरक आढळल्यास व्यवस्थापकास ईमेल पाठवते. केवळ बदलाची वेळ पाहणे पुरेसे नसते, कारण ‘टच’ आदेशाने ती मागची दाखवता येते. मूळ यादी त्याच सर्व्हरवर ठेवणे तर निरर्थकच; घुसखोर संचिकेबरोबर यादीही बदलू शकतो.

ब्रिटिश एअरवेज प्रकरण

२०१८ साली ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरील एका जावास्क्रिप्ट संचिकेत हल्लेखोरांनी अवघ्या २२ ओळी घातल्या. ग्राहकांनी भरलेला कार्डांचा तपशील त्यातून परस्पर बाहेर जाऊ लागला. ही बाब कंपनीच्या स्वतःच्या लक्षात आली नाही, त्रयस्थाने कळवल्यावर उघडकीस आली. २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीस २ कोटी पौंड दंड केला. असा बदल हॅशच्या तुलनेत तत्काळ उठून दिसतो.

मर्यादा

हे निरीक्षण घुसखोरी रोखत नाही, ती झाल्याचे कळवते. विदागारात दडवलेला घातक मजकूर त्याच्या कक्षेबाहेर राहतो. नोंदवह्या व कॅशे सतत बदलत असल्याने त्या वगळाव्या लागतात. मात्र छायाचित्रे चढवण्याचा फोल्डर वगळू नये, कारण तेथे आढळलेली पीएचपी संचिका बहुतेक वेळा घुसखोरीचीच खूण असते. अधिकृत अद्ययावतीकरणानंतर मूळ यादी नव्याने केली नाही, तर खोट्या इशाऱ्यांच्या गर्दीत खरा इशारा दुर्लक्षित राहतो.