मोबाइलवरील निरोपाच्या दोन वाटा



गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं माझा फोन हातांतून निसटून पडला व त्याची कांच फुटली. दुरुस्तीला चार दिवस लागणार होते. घरांत एक जुना बटणांचा फोन होता. त्यांत मीं आपलें सिमकार्ड घातलें आणि काम भागलें असें समजून स्वस्थ राहिलों. लोकांचे फोन येत होते, मी बोलत होतों, कांहीं उणें भासलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं माझा भाचा आळंदीहून आमच्या चिखलीस आला तो घुश्शांतच. "मामा, आईला परवां रात्रीं दवाखान्यांत न्यावें लागलें. दोन वाजतां तुमची झोप कशाला मोडा, म्हणून फोन न करतां निरोप लिहिला. दोन दिवस झाले, तुमचें साधें उत्तरहि नाहीं!" त्यानें आपला फोन पुढें केला. निरोप माझ्याच नंबरावर, चांगल्या मराठींत लिहिलेला होता. माझ्याकडील फोनांत मात्र त्याचा मागमूसहि नव्हता.

बहीण सुदैवानें बरी झाली, भाच्याचा रागहि ओसरला. परंतु निरोप गेला कोठें, हा प्रश्न उरलाच. त्याचा शोध घेतांना जें समजलें, तेंच आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

आपल्या फोनांत निरोपांची पेटी एकच दिसते. तिच्यांतून निरोप जाण्याच्या वाटा मात्र दोन आहेत. पहिली वाट जुनी. तिला आपण एस. एम. एस. म्हणतों. ३ डिसेंबर १९९२ रोजीं नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्यानें इंग्लंडांत संगणकावरून एका मोबाइलवर नाताळच्या शुभेच्छा धाडल्या, तो या जातीचा पहिला निरोप. फोन आणि मनोरा यांच्यामध्यें आपल्या बोलण्याखेरीज कारभाराच्या खुणांची देवघेव चाललेली असते. हा फोन सध्यां कोठें आहे, त्याला कोणी हांक मारली आहे काय, इत्यादि. या कारभारी वाटेवर मधून मधून जागा मोकळी असते. तिचा उपयोग करून चार शब्द पाठवावे, ही मूळ कल्पना. म्हणून या निरोपाला इंटरनेट लागत नाहीं; आणि म्हणूनच त्याची पिशवीहि लहान. ती केवळ १४० बाइटांची आहे.

या पिशवींत इंग्रजी अक्षरें १६० मावतात. देवनागरी मात्र साधारणतः ७० च. कारण इंग्रजी अक्षराला सात बिटें पुरतात, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा लागतात. शिवाय यंत्र आपल्यासारखें अक्षर मोजीत नाहीं. तें काना, वेलांटी, अनुस्वार व जोडाक्षरांतील हलन्त हीं सारीं वेगवेगळीं मोजतें. आमच्या गांवाजवळून वाहणारी इंद्रायणी घ्या. कानाला तीं चार अक्षरें; यंत्राच्या हिशेबीं नऊ चिन्हें. निरोप सत्तरांच्या पुढें गेला कीं त्याचे तुकडे पडतात. तुकडे पुन्हां जोडण्याच्या खुणेसाठीं थोडी जागा जाते, त्यामुळें प्रत्येक तुकड्यांत ६७ च चिन्हें राहतात. म्हणजे दीडशें चिन्हांचा मराठी निरोप तीन निरोपांच्या भावानें मोजला जातो. पूर्वीं तारेचे पैसे शब्दांवर पडत, म्हणून मनुष्य शब्द गाळीत असे. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें संपली, पण तो काटकसरीचा स्वभाव एस. एम. एस. ने पुढें चालविला. पुष्कळ मराठी माणसें मोबाइलवर इंग्रजी लिपींत मराठी लिहूं लागलीं, त्याच्या कारणांपैकीं हें एक आहे.

दुसरी वाट म्हणजे आर. सी. एस. तिचें पूर्ण नांव 'रिच कम्युनिकेशन सर्व्हिसेस'. मराठींत आपण तिला समृद्ध निरोपपद्धति म्हणूं. हिची कल्पना २००७ मध्यें निघाली व दुसऱ्या वर्षीं मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेनें ती आपल्या हातीं घेतली. परंतु प्रत्येक कंपनीचा ताल निराळा; सर्वांना लागू पडेल असा समान नमुना नोव्हेंबर २०१६ मध्यें सिद्ध झाला. २०१९ पासून गूगलनें ही सोय कंपन्यांची वाट न पाहतां स्वतःच पुरविण्यास आरंभ केला; आणि ॲपलच्या आयफोनांत ती सप्टेंबर २०२४ मध्यें, म्हणजे आय. ओ. एस. १८ या आवृत्तीबरोबर आली.

या पद्धतींत निरोप कारभारी वाटेनें न जातां इंटरनेटवरून जातो. त्यामुळें सत्तर चिन्हांची अट उरत नाहीं. पानभर मराठी एकसंध जातें. छायाचित्र स्पष्ट पोंचतें, अनेकांचा गट करतां येतो, पलीकडचा मनुष्य लिहीत आहे हें दिसतें, निरोप पोंचला व वाचला गेला हेंहि कळतें. मात्र दोघांच्याहि फोनांत ही सोय चालू हवी आणि दोघांनाहि इंटरनेट हवें. यांतील एक गोष्ट उणी असली, तर निरोप जुन्या वाटेनें पाठवावा लागतो.

कोणी विचारील, व्हॉट्सॲप असतांना हें कशाला? व्हॉट्सॲप हें एका कंपनीचें घर आहे. दोघांनीहि त्या घरीं नांव नोंदविलें पाहिजे. आर. सी. एस. ही फोनाच्या मूळच्याच पेटींतील सुधारणा असून, ती चालली नाहीं तर एस. एम. एस. चा आधार हातीं राहतो. व्हॉट्सॲप सोडा असें मी म्हणत नाहीं. परंतु ही पेटी प्रत्येक फोनांत आहे व कित्येकांच्या फोनांत ही सोय त्यांच्या नकळत चालूहि आहे. म्हणून ती समजून घेणें भाग आहे.

आतां ती चालू कशी करावी तें सांगतों. अँड्रॉइड फोनावर गूगलचें 'मेसेजेस' हें ॲप उघडावें. नसल्यास तें प्ले स्टोअरमधून घेऊन निरोपांसाठीं मुख्य ॲप म्हणून नेमावें. वरच्या कोपऱ्यांतील आपल्या चित्रावर बोट ठेवून 'मेसेजेस सेटिंग्ज' मध्यें जावें. तेथें 'आर. सी. एस. चॅट्स' असें सदर आहे; त्यांतील बटण चालू करावें. दोन सिमकार्डें असल्यास कोणत्या नंबराची सोय चालू होत आहे तें पाहावें. फोन आपला नंबर स्वतःच पडताळतो. हें काम कधीं क्षणांत होतें, कधीं कांहीं तास लागतात. घाबरून पुन्हां पुन्हां बटण दाबूं नये. 'कनेक्टेड' असें दिसलें कीं काम झालें. त्याच सदरांत आणखी एक बटण असतें. इंटरनेटनें निरोप गेला नाहीं तर तो एस. एम. एस. नें आपोआप पुन्हां पाठवावा काय, असें तें विचारतें. हें बटण अवश्य चालू ठेवावें. आयफोनवर सेटिंग्ज, तेथून 'ॲप्स', पुढें 'मेसेजेस' व त्यांत 'आर. सी. एस. मेसेजिंग' असा क्रम आहे. आपली मोबाइल कंपनी ही सोय आयफोनला देत असेल तरच तें बटण दिसतें.

चालू झाल्यावर तीन खुणा ओळखण्याची संवय लावावी. पहिली खूण लिहिण्याच्या चौकटींतील फिकट शब्द. तेथें आर. सी. एस. असें असलें तर नवी वाट, नुसतें 'टेक्स्ट मेसेज' असलें तर जुनी. दुसरी खूण निरोपाखालील बरोबरच्या खुणांची. एक खूण म्हणजे निरोप आपल्याकडून निघाला. दोन म्हणजे पोंचला. त्या भरीव झाल्या म्हणजे वाचला गेला. मात्र आपण निरोप वाचला हें इतरांस कळूं नये असें कोणी ठरविलें असेल, तर खुणा भरीव होत नाहींत. तेवढ्यावरून कोणावर रुसूं नये. तिसरी खूण कुलपाची. कुलूप दिसलें तर निरोप बंद पाकिटांतून चालला आहे. वाटेंतील कोणासहि, कंपनीसहि, तो वाचतां येत नाहीं. एस. एम. एस. ला हें कुलूप कधींच नसतें. तें उघडें पोस्टकार्ड होय. आर. सी. एस. मध्येंहि तें प्रत्येक संभाषणांत असतेंच असें नाहीं. विशेषतः एका बाजूस अँड्रॉइड व दुसऱ्या बाजूस आयफोन असेल तेव्हां तें पाहूनच लिहावें. बँकेचा अथवा घरचा नाजूक मजकूर पोस्टकार्डावर लिहूं नये हें आपल्या वडिलांना ठाऊक होतें; तोच नियम येथें पाळावा.

आणखी एक सावधगिरी. या वाटेनें दुकानदार व कंपन्याहि येतात. बोधचिन्ह, रंगीत चित्र आणि दाबण्याची बटणें घेऊन येतात. आपल्या देशांत जाहिरातींचा इतका सुळसुळाट झाला कीं जून २०२२ मध्यें गूगलला व्यापारी जाहिराती कांहीं काळ थांबवाव्या लागल्या. जुन्या एस. एम. एस. ला निदान एक शिस्त आहे. २०२५ पासून पाठविणाऱ्या संस्थेच्या नांवाअखेर एक इंग्रजी अक्षर येतें: जाहिरातीस पी, सेवेच्या माहितीस एस, व्यवहारास टी, सरकारी सूचनेस जी. नव्या निरोपांत चित्र सुंदर म्हणून मजकूर खरा, असें मानूं नये. अनोळखी नंबरावरून आलेलें बटण दाबूं नये, कोणासहि ओटीपी सांगूं नये, आणि फसगत झालीच तर विलंब न करतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

आतां माझ्या भाच्याच्या निरोपाकडे वळूं. माझ्या फुटलेल्या फोनांत ही नवी सोय चालू होती, हें मलाच ठाऊक नव्हतें. सिमकार्ड मीं काढलें, पण आर. सी. एस. च्या वहींत माझा नंबर त्याच फोनाच्या नांवावर राहिला. भाच्याचा फोन निरोप नव्या वाटेनें धाडी. आणि ज्या फोनानें तो घ्यावयाचा, तो दुरुस्तीच्या दुकानांत बंद पडलेला. निरोप वाटेंतच थांबला. भाच्याच्या फोनांत एकच खूण उमटली होती; ती म्हणजे निघाला, पोंचला नव्हे, हें त्यालाहि ठाऊक नव्हतें. जुन्या वाटेनें पुन्हां पाठविण्याचें बटणहि त्यानें बंद ठेवलें होतें. बटणांचा फोन मात्र एस. एम. एस. खुशाल घेऊं शकला असता.

म्हणून फोन बदलतांना, विशेषतः साधा फोन वापरावयाचा असतां, सिमकार्ड काढण्यापूर्वीं जुन्या फोनांतील आर. सी. एस. बंद करावें. फोन हरवला वा फुटला असेल तरी उपाय आहे. गूगलच्या संकेतस्थळावर याकरितां एक पान आहे. तेथें आपला नंबर घातला कीं एस. एम. एस. नें सहा आंकड्यांचा संकेत येतो; तो साध्या फोनावरहि येतो. तो भरला कीं वहींतील नोंद पुसली जाते. हें काम घरांतील कोणाहि तरुणास पांच मिनिटांत करतां येईल.

आमच्या चिखली, तळवडें, मोशी या बाजूस कारखान्यांच्या पाळ्यांमुळें घरांतील माणसांच्या वेळा जुळत नाहींत. एक झोपतो तेव्हां दुसरा कामावर निघतो. अशा घरांत बोलण्यापेक्षां निरोपावरच अधिक भिस्त असते. निरोप लिहिला म्हणजे पोंचला, ही समजूत तेथें महागांत पडते. भाचा व मी आतां दोन नियम पाळतों. दुसरी खूण दिसल्यावांचून निरोप पोंचला असें मानावयाचें नाहीं. आणि दवाखान्याची गोष्ट असली, तर रात्रीं कितीहि वाजले असोत, मामाची झोप मोडून सरळ फोनच करावयाचा.