गणिती मरियम मिर्झाखानी

गणिताला नोबेल पारितोषिक नाही. त्याच्या तोडीचा मान म्हणून ‘फील्ड्स पदका’कडे पाहिले जाते. दर चार वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत, चाळिशी न ओलांडलेल्या गणितज्ञांना ते अर्पण करण्याची प्रथा आहे. १९३६ ते २०१० या काळात ५२ जण या पदकाचे मानकरी झाले, आणि ते सर्वच्या सर्व पुरुष होते. २०१४ साली दक्षिण कोरियातील सोल येथे ही परंपरा प्रथमच खंडित झाली. त्या वर्षीच्या चार मानकऱ्यांत भारतीय वंशाचे मंजुळ भार्गव होते आणि मरियम मिर्झाखानी ही इराणी महिला होती. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १४ जुलै २०१७ रोजी, कॅलिफोर्नियात त्यांचे कर्करोगाने निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय केवळ चाळीस वर्षांचे होते.

मरियम हे नाव आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत ‘मरिया’ म्हणून घरोघरी आढळते. या मरियमचा जन्म १९७७ च्या मे महिन्यात तेहरान येथे झाला. तिचे बालपण इराण-इराक युद्धाच्या छायेत गेले. ती प्राथमिक शाळा संपवीत होती त्या सुमारास, १९८८ साली, ते युद्ध थांबले. लहानपणी तिला लेखिका व्हावयाचे होते. मिळेल ते पुस्तक वाचावे, शाळेजवळच्या दुकानांतून मैत्रिणीसह पुस्तके खरेदी करीत हिंडावे, हा तिचा छंद. गणिताची पहिली गोडी लावली ती थोरल्या भावाने. एक ते शंभर या संख्यांची बेरीज गाउस या जर्मन गणितज्ञाने बालवयात कशी केली, ती युक्ती त्याने तिला सांगितली. पहिली व शेवटची संख्या मिळून १०१, दुसरी व शेवटून दुसरी मिळूनही १०१. अशा पन्नास जोड्या, म्हणजे ५०५०.

माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी मात्र या मुलीला गणितात बेताचेच गुण मिळाले. तिच्या त्या वेळच्या शिक्षकांना तिच्यात काही विशेष दिसले नाही, आणि तिचे मन त्या विषयावरून उडाले. पुढल्या वर्षी दुसरे शिक्षक आले, त्यांनी उत्तेजन दिले आणि चित्र पालटले. आम्हां शिक्षकांना ही हकिकत सुखावह वाटण्यासारखी नाही. गुणपत्रिकेवर शेरा लिहिताना ती आठवावी, असे मात्र वाटते.

इराणच्या गणित ऑलिंपियाड संघात तोवर एकही मुलगी गेली नव्हती. मरियमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने मुलांच्या शाळेत चालणारे खास वर्ग आपल्या मुलींसाठीही सुरू करविले. १९९४ साली हाँगकाँग येथे मरियमने सुवर्णपदक मिळविले, आणि पुढील वर्षी टोरांटो येथे ४२ पैकी ४२ गुण. पुढे तेहरानच्या शरीफ विद्यापीठात शिकत असताना, १९९८ साली, एका गणित स्पर्धेहून परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बसला भीषण अपघात झाला. तिचे काही सहाध्यायी त्यात मृत्युमुखी पडले, ती बचावली. १९९९ साली पदवी घेऊन ती अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेली.

आता त्यांच्या कार्याकडे वळू. श्रोतेहो, मध्ये भोक असलेला मेदुवडा डोळ्यांसमोर आणा. असे दोन वडे कडेला कडा चिकटवून एक केले, की दोन भोकांचे एक पृष्ठ तयार होते. गणितज्ञ अशा पृष्ठाची वक्रता सर्वत्र घोड्याच्या खोगिरासारखी कल्पितात. या पृष्ठावर एक रबराचे कडे गुंडाळले, तर ते आकसून शक्य तितके आखूड होते. अशा बंद वाटा एका ठराविक लांबीपर्यंत किती असतील? सर्व वाटा मोजल्या तर त्यांची संख्या चक्रवाढ व्याजासारखी बेसुमार वाढते, हे पूर्वीच ठाऊक होते. परंतु स्वतःला कोठेही न छेदणाऱ्या वाटा किती? हा प्रश्न सोपा दिसतो, पण तो दीर्घकाळ अडून राहिला होता. मिर्झाखानींनी सिद्ध केले की लांबी पुरेशी मोठी झाली म्हणजे दोन भोकांच्या पृष्ठावर ही संख्या लांबीच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे लांबी दुप्पट झाली की वाटा सुमारे ६४ पट. तीन भोके असतील तर बारावा घात, म्हणजे ४०९६ पट.

त्यांची रीत उत्तराहूनही सुंदर आहे. एकाच पृष्ठावर वाटा मोजत बसण्याऐवजी त्यांनी त्या प्रकारच्या शक्य तितक्या सर्व पृष्ठांचा एकत्र विचार केला. एका विद्यार्थ्याविषयीचे कोडे साऱ्या वर्गाकडे पाहून सुटावे, तसे हे झाले. या ‘साऱ्या पृष्ठांच्या विश्वा’चे घनफळ काढता काढता भौतिकशास्त्रज्ञ विटेन यांच्या एका प्रसिद्ध अनुमानाची नवी सिद्धताही त्यांच्या हाती आली. त्याची पहिली सिद्धता कोन्त्सेविच यांनी दिलेली होती. २००४ सालच्या या प्रबंधाचे तीन भाग पुढे तीन अग्रगण्य नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या श्रोत्यांना सांगावयास हवे की २०१० साली तेथे भरलेल्या जागतिक गणित परिषदेच्या ग्रंथात त्यांचा एक निबंध आहे.

पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापिका झालेल्या मिर्झाखानींनी अॅलेक्स एस्किन यांच्यासह आणखी एक मोठे प्रकरण हाती घेतले. कॅरमची सोंगटी कडेवर आपटून ज्या कोनाने येते त्याच कोनाने परतते. सोंगटी वळविण्याऐवजी बोर्डच कडेपलीकडे उलटा मांडला, तर तिची वाट सरळ रेषा होते. असे अनेक बोर्ड जोडून एक पृष्ठ बनते, आणि खेळाचा प्रश्न भूमितीचा होतो. अशी पृष्ठे ताणीत व तिरकी करीत गेल्यास जी नवी पृष्ठे मिळतात, त्यांचा समूह वेडावाकडा नसून सरळ, साध्या समीकरणांच्या शिस्तीत बसतो, असे या संशोधनातून सिद्ध झाले. त्यावरून पुढे इतरांनी एक मौजेचा निष्कर्ष काढला. ज्या खोलीच्या सर्व भिंती आरशांच्या आहेत आणि कोपऱ्यांचे कोन अंशांच्या परिमेय संख्येत येतात, तेथे एक दिवा कोठेही ठेवा; अंधारात राहिलेच तर मोजके बिंदूच राहतील.

त्या स्वतःला मंद गतीच्या गणिती म्हणवीत. मोठमोठे कागद जमिनीवर पसरून त्या तासन्‌तास आकृत्या काढीत बसत, आणि त्यांच्या चिमुकल्या मुलीला वाटे की आई चित्रे रंगविते आहे. प्रबंधाची तीन फळे पाहता ही मंदता हेवा वाटावा अशीच म्हणावी लागेल.

त्यांच्या निधनाची वार्ता येताच इराणमधील काही वृत्तपत्रांनी त्यांचे उघड्या केसांचे छायाचित्र छापले, आणि राष्ट्राध्यक्ष रूहानी यांनीही तसेच छायाचित्र प्रसिद्ध केले. त्या देशात ही गोष्ट लहान नव्हती. त्यांचे पती चेक वंशाचे असल्याने तेथील कायद्याप्रमाणे त्यांच्या मुलीला इराणी नागरिकत्व मिळू शकत नव्हते. परदेशी पित्याच्या संततीलाही मातेकडून नागरिकत्व मिळावे, अशी जुनी मागणी या निमित्ताने काही संसद-सदस्यांनी पुन्हा पुढे केली. तसा कायदा २०१९ साली संमत झाला. त्याच वर्षापासून १२ मे हा त्यांचा जन्मदिन गणितातील स्त्रियांचा दिवस म्हणून अनेक देशांत पाळला जातो. फील्ड्स पदक दुसऱ्या स्त्रीला, युक्रेनच्या मरिना व्याझोव्हस्का यांना, मिळाले ते २०२२ साली.