खानदेशातील नैराश्य व चिंताविकृती : आकलन आणि उपचार

बीजसंज्ञा : नैराश्य, चिंताविकृती, शारीरिक तक्रारी, समुपदेशन, उपचारातील दरी, खानदेश

प्रस्तावना

केळी आणि कापूस ही जळगाव जिल्ह्याची, तर कोरडवाहू शेती व यंत्रमाग ही धुळ्याची ओळख होय. या दोन्ही जिल्ह्यांतील माणसांच्या आर्थिक विवंचनांविषयी चर्चासत्रांतून आणि शोधनिबंधांतून पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. रावेर-यावल परिसरात मे-जूनच्या वादळाने उभी केळी आडवी झाली की पंचनामे होतात, नुकसानीचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. परंतु त्या बागेच्या मालकाला पुढील तीन महिने रात्री झोप लागली की नाही, याचा पंचनामा कोठेच होत नाही. नैराश्य आणि चिंताविकृती हे आजार उपचाराने बरे होऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. असे असूनही बहुसंख्य रुग्ण उपचारापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामागे डॉक्टरांची अपुरी संख्या हे एक कारण आहेच. पण त्याआधीचे कारण असे की, हा आजार आपल्याकडे आजाराच्या नावाने येतच नाही. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचा खानदेशाच्या संदर्भात विचार केला आहे.

नैराश्य आणि चिंताविकृती म्हणजे काय?

दुःख होणे म्हणजे नैराश्य नव्हे. पीक बुडाले, जवळचे माणूस गेले, तर मन खचणे स्वाभाविकच आहे. आणि अशा दुःखातही माणूस नातवाच्या बोलण्याने क्षणभर हसतो, आवडीचा पदार्थ चार घास अधिक खातो. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला 'अवसाद' असेही म्हटले जाते, त्या नैराश्यात मनाची ही लवचिकता हरवते. किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतांश काळ मन उदास राहणे किंवा कशातही रस न वाटणे हे त्याचे मुख्य लक्षण होय. त्याच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, एकाग्रता न होणे, हालचाली मंदावणे किंवा बेचैनी वाढणे, स्वतःला निरुपयोगी अथवा दोषी समजणे आणि मरणाचे विचार येणे ही लक्षणे असतात. एकूण नऊ लक्षणांपैकी पाच वा अधिक असतील आणि त्यांमुळे दैनंदिन कामकाज विस्कळीत होत असेल, तर निदान केले जाते.

चिंतेचेही तसेच आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाटणारी चिंता उपयुक्त असते, कारण ती विद्यार्थ्याला पुस्तकाजवळ बसवते. चिंताविकृतीत मात्र कारण संपले तरी चिंता संपत नाही. एक काळजी मिटली की मन दुसरी शोधते. तिचा एक तीव्र प्रकार म्हणजे भीतीचा झटका. अचानक छातीत धडधड, घाम, श्वास कोंडणे, 'आता आपण मरणार' अशी खात्री, आणि साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचून हळूहळू ओसरणारी लाट. नैराश्य आणि चिंता पुष्कळदा एकाच रुग्णात एकत्र आढळतात, त्यामुळे त्यांचा विचारही एकत्र करणे इष्ट ठरते.

कारणांविषयी एवढेच म्हणता येईल की, एकच एक कारण सांगणारा सहसा चुकतो. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक प्रक्रिया, बालपणीचे आघात, कर्ज, व्यसन, घरातील हिंसा, दीर्घ आजार यांची गुंफण प्रत्येक रुग्णात वेगळी असते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण दीडपट ते दुप्पट आढळते. बाळंतपणानंतरचा काळ विशेष जोखमीचा असतो.

लक्षणांची भाषा

खानदेशातील एखादा रुग्ण दवाखान्यात जाऊन 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. तो म्हणतो, 'जीव घाबरी ऱ्हायना', 'डोकं दुखी ऱ्हायनं', 'कशातच मन लागत नही'. हातपाय गळून जाणे, अंगात मुंग्या येणे, पोटात खड्डा पडणे, झोप न येणे या त्याच्या तक्रारी. अहिराणीत आणि प्रमाण मराठीतही मनाचे दुखणे सांगण्यासाठी 'जीव' हा शब्द वापरला जातो, आणि जीव तर शरीरातच असतो. तेव्हा रुग्ण शरीराचे सांगतो आणि डॉक्टर शरीराचे तपासतात, यात दोघांचीही चूक म्हणता येणार नाही.

एक प्रातिनिधिक चित्र पाहता येईल. तालुक्याच्या गावातील पस्तिशीची स्त्री छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांकडे जाते. ईसीजी काढला जातो. तो निर्दोष येतो. अशक्तपणा म्हणून सलाईन लावले जाते, ताकदीचे इंजेक्शन दिले जाते. दोन दिवस बरे वाटते, कारण दोन दिवस कोणीतरी तिची विचारपूस केलेली असते. पुन्हा धडधड, मग जळगावचा हृदयरोगतज्ज्ञ, मग पोटाची सोनोग्राफी. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेले नाही' हे वाक्य ती तिसऱ्यांदा ऐकते तेव्हा सासरी तिच्यावर सोंगाचा आरोप होऊ लागतो. मध्यंतरी कोणीतरी 'बाहेरचे' असल्याचे सुचवते आणि भगताकडे फेरी होते. या सगळ्यात वर्ष-दीड वर्ष जाते, पैसा जातो. 'तू किती दिवसांपासून अशी उदास आहेस?' हा प्रश्न मात्र तिला कोणी विचारलेला नसतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. छातीत दुखणाऱ्या रुग्णाला तपासणीआधीच 'टेन्शन आहे' असे सांगणे हेही तितकेच घातक होय. हृदयविकार, थायरॉईडचे विकार, रक्तक्षय, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. त्यामुळे शरीराची तपासणी प्रथम व्हावी. आक्षेप आहे तो तपासणी निर्दोष आल्यावर विचारपूस थांबण्याला. नैराश्याच्या प्राथमिक चाचणीसाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली पाच-सात मिनिटांत भरून होते. सत्तावीसपैकी दहा वा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करावी, एवढा साधा तिचा निकष आहे.

मानसोपचाराभोवतीची भीतीही भाषेतूनच व्यक्त होते. महाराष्ट्रातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात एकही नाही. तरीही 'याला येरवड्याला पाठवा' हा टोमणा येथील पारावरही ऐकू येतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, हे समीकरण त्या टोमण्यातच दडलेले आहे.

उपचारातील दरी

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र खानदेशाला लागून असलेल्या गुजरात व मध्य प्रदेशाचा त्यांत समावेश होता. त्यामुळे येथील चित्र फार वेगळे असेल असे मानण्यास आधार दिसत नाही.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर तर ही दरी अधिकच रुंदावत असे. पोलीस केस होईल या धास्तीने 'औषध चुकून पोटात गेले' असे सांगण्याची रीत पडली होती आणि त्यामुळे रुग्णाच्या मनाची चौकशी टळत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. कायदा बदलला, रीत अद्याप पुरती बदललेली नाही.

उपचारांचे स्वरूप

सौम्य आजारात समुपदेशन व मानसोपचार पुरेसे ठरतात. मध्यम व तीव्र आजारात त्यांच्या जोडीने औषधे द्यावी लागतात. औषधांविषयीचे गैरसमज येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी नैराश्यविरोधी औषधे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसनही लागत नाही. त्यांचा परिणाम दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. नेमके याच काळात, मळमळ झाली आणि गुण आला नाही म्हणून, अनेक रुग्ण गोळ्या सोडतात. बरे वाटू लागल्यानंतरही साधारणतः सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते. सवय लागण्याचा धोका आहे तो अल्प्राझोलामसारख्या, तात्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांचा. विरोधाभास असा की, ज्या औषधांची भीती बाळगू नये ती टाळली जातात आणि ज्यांची बाळगावी ती मेडिकलच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे आणली जातात.

मानसोपचारांत ॲरन बेक यांची बोधनिक उपचारपद्धती व अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती प्रमुख होत. एलिस यांचे विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचविण्यात डॉ. कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. घटना आपल्याला थेट खचवीत नाही, घटनेविषयीची आपली धारणा खचवते, हा या पद्धतींचा गाभा. 'केळी गेली' आणि 'केळी गेली म्हणजे मी संपलो' या दोन वाक्यांमधील अंतर रुग्णाला दाखवून देणे हे उपचारकाचे काम. अर्थात कर्ज खरे असते, ते केवळ विचार बदलून फिटत नाही. या मर्यादेचे भान न ठेवणारे समुपदेशन रुग्णाला उपदेशासारखे वाटते.

गोव्यातील 'संगाथ' या संस्थेचा प्रयोग या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ नैराश्यग्रस्त रुग्णांपैकी निम्म्यांना, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत मदत केली. उपचाराची कल्पना साधी होती : उदासीमुळे माणूस कामे व माणसे टाळतो आणि टाळल्यामुळे उदासी वाढते, म्हणून मन होण्याची वाट न पाहता छोट्या-छोट्या कृती पुन्हा सुरू कराव्यात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचा आजार ओसरला, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत राबविलेल्या 'विश्राम' प्रकल्पातही नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कापसाचा तोच प्रदेश, तशीच खेडी. जे अमरावतीत शक्य झाले ते अमळनेर किंवा साक्रीत अशक्य का असावे, हा प्रश्न यातून उभा राहतो.

खानदेशातील व्यवस्था

धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या भागातील मानसोपचाराची प्रमुख शासकीय केंद्रे होत. परंतु चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. आणि या आजारात दर महिन्याला यावे लागते. पावरा किंवा भिल्ल स्त्रीला आपले मन परक्या भाषेत सांगावे लागते ते वेगळेच. मजुरीसाठी सुरतेला गेलेल्या कुटुंबांचा उपचार तर स्थलांतरातच तुटतो.

या अडचणींवर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेली मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा काही अंशी उपाय ठरू शकते. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते. आशा स्वयंसेविका गरोदर मातेची नोंद घेण्यासाठी घरात जातेच. त्याच भेटीत 'झोप येते का, कशात मन लागते का' हे दोन प्रश्न तिने विचारले, तरी बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे अनेक रुग्ण वेळेत सापडतील. घरातील माणसांनी रुग्णाला 'मन घट्ट कर' असे सांगण्याऐवजी त्याच्यासोबत दवाखान्यात जावे, गोळ्यांची वेळ सांभाळावी, आणि मरणाची भाषा कानावर पडल्यास ती धमकी न समजता त्याला एकटे सोडू नये. शेतकरी कुटुंबात फवारणीची औषधे राहत्या घरात न ठेवता कुलूपबंद ठेवावीत व किल्ली दुसऱ्याकडे असावी. तीव्र आवेग बहुधा अल्पकाळ टिकतो, आणि तेवढा वेळ विषारी औषध हाताशी नसले तर जीव वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय घटले, ते याच कारणाने.