अपील मागे घेतले, पण हुकूमनामा कोणाचा उरला?

समजा, सातारा तालुक्यातील दोन भावांचा जमिनीच्या ताब्याचा दावा. निकाल धाकट्याच्या बाजूने लागला : थोरल्याने २० गुंठे सोडायचे. थोरल्याने जिल्हा न्यायालयात अपील केले. दरम्यान भावकी बसली, १० गुंठ्यांवर समेट झाला आणि मुद्रांकावर सह्या झाल्या. पुढच्या तारखेला थोरल्याच्या वकिलांनी पुरसिस दिली, ‘आपसात मिटले आहे, अपील चालवायचे नाही.’ अपील निकाली निघाले.

कागदोपत्री मात्र वाद मिटलेला नाही. अपील नुसते मागे घेतले की खालच्या न्यायालयाचा हुकूमनामा जसाच्या तसा कायम राहतो, म्हणजे पुन्हा २० गुंठेच. धाकट्याला, किंवा त्याच्या पश्चात त्याच्या वारसांना, १२ वर्षांपर्यंत दरखास्त लावून ताबा मागता येतो. मग घरातला तो मुद्रांक? हुकूमनाम्याबाबत कोर्टाबाहेर झालेल्या तडजोडीची न्यायालयात नोंद झाली नसेल, तर दरखास्त चालवणारे न्यायालय ती विचारात घेऊ शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २१, नियम २ तसेच सांगतो. ही नोंद करून घेण्यासाठी थोरल्याला मुदत असते फक्त ३० दिवसांची.

योग्य वाट आदेश २३, नियम ३ मध्ये आहे. तडजोड लेखी हवी आणि तिच्यावर पक्षकारांच्या सह्या हव्यात. १९७६ च्या दुरुस्तीने ही अट घातली. ती कायदेशीर असल्याची खात्री झाली की न्यायालय तिची नोंद घेते आणि तिच्याप्रमाणे नवा हुकूमनामा करते. पक्षकारांत कोणी अज्ञान असेल, तर त्याच्या वतीने तडजोड करण्याआधी न्यायालयाची परवानगी लागते. बहिणी पक्षकार असतील तर त्यांच्याही सह्या घ्याव्यात. गावाकडे नेमके हेच राहून जाते.

आणखी एक खाच. दाव्यात नसलेली जमीन तडजोडीत घातली, तर त्या जमिनीपुरती हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते. ‘तो मळ्यातला तुकडाही यातच घालून टाकू’ म्हणण्याआधी वकिलांना विचारलेले बरे.

अपील लोकअदालतीतही ठेवता येते. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते.

प्रकरण दुसऱ्या अपिलात असेल तरी पद्धत हीच, फक्त जागा बदलली आहे. सातारा आणि सांगलीच्या पक्षकारांना पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने सह्यांसाठी सगळ्या भावंडांना एका दिवशी हजर करणे सोपे झाले आहे.

सही मात्र वाचूनच करावी. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. तो रद्द करण्यासाठी वेगळा दावाही लावता येत नाही. फसवणूक झाली असेल, तर ज्या न्यायालयाने तडजोड नोंदवली त्याच्याकडेच अर्ज करावा लागतो.

आपले अपील कसे निकाली निघाले, हे मोबाइलवरील ई-कोर्ट्स ॲपमध्ये पाहता येते. ‘विथड्रॉन’ लिहिले असेल तर लगेच वकिलांना गाठा. ‘कॉम्प्रमाइज’ असेल, तर हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल काढून फेरफारासाठी तलाठी कार्यालयात अर्ज द्या. सातबारा आपोआप बदलत नाही.