छायाचित्रातला किडा कोणता?

गेल्या पावसाळ्यात अकरावीच्या एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. "सर, घरच्या गव्हात हा किडा निघाला. आई विचारते, गहू चाळून ठेवला तर चालेल ना?" पडद्यावर किडा चांगला अंगठ्याएवढा दिसत होता. "प्रत्यक्षात केवढा आहे?" मी विचारले. तो गप्प!

मी पदार्थविज्ञान शिकवणारा. मला आधी माप सुचते. दुसऱ्या दिवशी त्याने किड्याशेजारी मोजपट्टी ठेवून नवे छायाचित्र काढून आणले. पट्टीवरचे ५ मिलिमीटर अंतर पडद्यावर ८० मिलिमीटर भरले, म्हणजे प्रतिमा १६ पट मोठी झाली होती. किडा ४८ मिलिमीटर दिसत होता. तेव्हा त्याची खरी लांबी ३ मिलिमीटर. मात्र पट्टी आणि किडा भिंगापासून सारख्याच अंतरावर हवेत, नाहीतर गणित चुकते.

पण नुसत्या मापाने भागत नाही. साठवणीच्या धान्यातले अनेक भुंगेरे २ ते ४ मिलिमीटर लांबीचेच असतात. रंगही फसवतो, प्रकाश कमी पडला की तपकिरी किडा काळा दिसतो. म्हणून शरीराची घडण पाहावी आणि स्वतःला क्रमाने प्रश्न विचारावेत.

डोके सोंडेसारखे पुढे लांबलेले आहे का? असेल तर तो सोंडकिडा. वरून पाहिल्यास डोके दिसतच नाही आणि शरीर नळकांड्यासारखे आहे का? मग तो दाणे पोखरणारा भुंगेरा. डोक्यामागच्या भागाच्या दोन्ही कडांना सहा-सहा दाते आहेत का? मग तो करवती भुंगेरा. यांपैकी काहीच नसून शरीर चपटे आणि तांबूस असेल, तर बहुधा पिठातला तांबडा भुंगेरा. त्याच्या मिशांची शेवटची तीन पेरी एकदम जाड असतात, हीही खूण पाहून घ्यावी.

आमच्या किड्याला सोंड होती आणि पाठीवर चार फिकट ठिपके होते. म्हणजे तो तांदळातला किंवा मक्यातला सोंडकिडा. हे दोघेही गव्हात होतात आणि दिसायला इतके सारखे असतात, की खात्रीसाठी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जननेंद्रिये तपासावी लागतात. छायाचित्र यापुढे जाऊ शकत नाही, आणि आपणही जाऊ नये.

आईच्या प्रश्नाला मात्र एवढी ओळख पुरेशी होती. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते. चाळणीने बाहेरचे किडे जातात, आतल्या अळ्या तशाच राहतात. म्हणून तो गहू इतर धान्यापासून लगेच वेगळा काढायला हवा. तांबडा भुंगेरा असता तर गोष्ट निराळी. तो मुख्यतः पिठावर आणि फुटक्या दाण्यांवर जगतो.

तुम्हीही करून पाहा. किडा लहान बाटलीत घालून काही मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तो मंदावेल. मग पांढऱ्या कागदावर पट्टीशेजारी ठेवून वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन छायाचित्रे घ्या. नाव शोधण्यापूर्वी काय काय दिसले ते वहीत लिहून काढा.