ग्राफिक्स कार्डाला मेमरी किती लागते?

गेम चालू असताना पडद्यावरील चित्र घडवण्यासाठी लागणारी सामग्री ग्राफिक्स कार्डावरच्या स्वतंत्र मेमरीत, म्हणजेच व्हीरॅममध्ये, ठेवली जाते. १९२० बाय १०८० बिंदूंच्या एका चित्राला, दर बिंदूस ४ बाइट धरल्यास, सुमारे ८ एमबी पुरतात. खरी जागा व्यापतात ती टेक्स्चर, म्हणजे भिंत, कापड, त्वचा अशा पृष्ठभागांवर चढवली जाणारी चित्रे. ४०९६ बाय ४०९६ बिंदूंचे एक टेक्स्चर मूळ रूपात ६४ एमबी, तर संकुचित केल्यावरही साधारणतः ८ ते १६ एमबी जागा घेते.

मेमरी अपुरी पडली की उरलेली सामग्री संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते आणि तेथेच घोडे अडते. २०२३ साली ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० टीआय या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २८८ जीबी माहिती पुरवते, परंतु मुख्य मेमरीकडून येणारा मार्ग जास्तीत जास्त १६ जीबीच वाहून आणतो. परिणामी चिप तीच असूनही ८ जीबीच्या कार्डावर जड गेम अडखळतात किंवा पृष्ठभाग धूसर दिसतात.

म्हणून १०८०पी पडद्यावर मध्यम दर्जासाठी ८ जीबी चालून जातात, १४४०पीसाठी १२ जीबी सोयीचे ठरतात, आणि ४के पडदा किंवा प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या व प्रतिबिंबे रेखाटणारे रे ट्रेसिंग हवे असल्यास १६ जीबी घेणे श्रेयस्कर असते. कार्ड जुने असल्यास टेक्स्चरचा दर्जा एक पायरी उतरवूनही बहुतेक वेळा भागते.